माहरुखच्या लग्नातल्या नोटिसा

"अर्जदार : श्रीमती चंपाबाई बुद्धरत्न हाटे, वय अठ्ठावन्न, राहणार बिरवाडी, धंदा : काही नाही. थकलेल्या बिनशेती साऱ्यापोटी लिलाव झालेल्या तीन गुंठे मोकळ्या भूखंडाच्या खरेदीदार. सबब सातबाऱ्यावर नाव लागणेस विनंती."

अर्ज तलाठ्याने लिहून दिला होता. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. रकाने तेच आहेत. नोकरी नाही, शेती नाही, म्हणजे काही नाही. चंपाबाई भाड्याच्या खोलीत कारखान्यातल्या कामगारांसाठी खानावळ चालवायची, ते रकान्यात बसत नव्हतं. खोली दिवाळीपर्यंत सोडायची होती. लिलावाचा दाखला हातात होता, पण सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय त्या तीन गुंठ्यांवर शेड घालता येत नव्हती.

"जुन्या मालकाच्या चारही वारसांना नोटीस पोचायला हवी," तलाठी म्हणाला. "पंधरा दिवसांत हरकत आली नाही, की नाव लागलं. पण बिरवाडीच्या पत्त्यावर धाडलेली पाकिटं परत आलीत."

दोन भाऊ दोहाला, एक मस्कतला, बहीण सकिना मुंब्र्याला.

"पत्ता बरोबर हाय, सायेब. मानसंच तिथं नायत," चंपाबाई म्हणाली. "मे महिन्यात समदी येत्यात. नोटिसा द्यायला कोतवाल द्या माझ्यासंगती."

मे महिन्यात महाडला सकिनाच्या मुलीचं, माहरुखचं लग्न होतं, आणि तांदळाच्या भाकऱ्या चंपाबाईकडे होत्या. गणू कोतवाल इस्त्रीचा शर्ट घालून चुलीपाशी हजर झाला.

"मावशे, आधी जेवू का नोटिसा वाटू?"

"वाट. जेवलास की झोपतोस तू."

थोरल्या जुल्फिकारने चष्मा लावून कागद वाचला. "बाबांचा प्लॉट लिलावात गेला? सारा कोण भरत होतं?"

त्याने मधल्याकडे पाहिलं, मधल्याने धाकट्या मुदस्सरकडे, मुदस्सरने सकिनाकडे. दहा वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा भरतोय.

सकिना भडकली. "मावशी, माझ्या पोरीच्या लग्नात हे?"

"मग कवा गो? मंगळवारी तुझं भाव इमानात बसणार. मी काय दोहाला येऊ?" तव्यावरची भाकरी तिने उलटली. "हरकत घ्यायची तर घ्या. लिलावात घेतलीय, चोरली नाय."

जुल्फिकारने गरम भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि सावकाश चावला.

"मुदस्सर, नोटीस मिळाल्याची सही कर."

"पण भाई—"

"दहा वर्षं सारा भरला नाही, आता हिच्यावर हरकत घेणार? कर सही."

चारही पोचपावत्या गणूच्या पिशवीत गेल्या. मग तो जेवला, आणि झोपला.

सोळाव्या दिवशी फेरफार मंजूर झाला. आदेशात अर्जातलं वर्णन जसंच्या तसं उतरलं. हरकत : निरंक. खरेदीदाराचा धंदा : काही नाही.

त्या लग्नात तिने सहाशे दहा भाकऱ्या भाजल्या होत्या.