नवव्या प्रकरणातलं पत्र

आमच्या ह्यांच्या पुस्तकांत माणूस मरायचा तो नवव्या प्रकरणातच. पहिल्यात फौज नव्या ग्रहावर उतरायची, चौथ्यात कुणीतरी फितूर निघायचा, नवव्यात एक कोवळा शिपाई मरायचा आणि त्याच्या खिशात आईचं पत्र सापडायचं. शेवटी सरसेनापती जिंकायचे. तिसऱ्या भागात ते पत्र वाचून लोक रडले, झालं! तेव्हापासून दरवर्षी एक भाग आणि दर भागात एक पत्र. मी एकदा म्हटलं, "अहो, एखाद्या वर्षी आठव्यात मारा की त्याला." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

टायपिस्टबाई बाराव्या भागाला आल्या. त्याआधी कोर्टात होत्या. वीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं टाइप करून बोटं वाकडी झालेली. नवरा गेलेला, एकच मुलगा. तो दुसऱ्यांदा परीक्षेत आपटला तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." पोरगं हट्टी, खरंच गेलं. पत्ता नाही, फोन नाही. जाताना बॅगेत कपड्यांच्या आधी ह्यांचा अकरावा भाग टाकला, ते बाईंनी दारात उभं राहून पाहिलं. म्हणून त्या आमच्याकडे आल्या. कुठेही असला तरी ही पुस्तकं तो सोडणार नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. हे सगळं त्यांनी मला स्वयंपाकघरात, चहाचा कप दोन्ही हातांत धरून सांगितलं. "कुणाला बोलू नका हं वहिनी," असंही म्हणाल्या.

हे येरझाऱ्या घालत सांगायचे, बाई टाइप करायच्या. नववं आलं की हे हात झटकायचे. "पत्र नेहमीचंच. तुम्हीच घाला, बाई." आणि खिडकीशी जाऊन दात कोरत बसायचे. बाई मग मान खाली घालून ज्या सुटायच्या! कुठल्याशा ग्रहावर मेलेल्या शिपायाच्या खिशात काय, तर 'टिल्ल्या, तुझी निळी सायकल पुसून ठेवलीय. मागच्या दाराला मी कडी लावत नाही. बोलले ते रागात बोलले रे.' यानातल्या शिपायाला सायकल! मी हसून हसून बेजार. ह्यांनी वाचलंसुद्धा नाही, तसंच छापायला गेलं. दरवर्षी पत्र लांबत गेलं, शेवटी शेवटी सहा पानं. पुस्तक बाजारात आलं की बाई महिनाभर टपालाकडे डोळे लावून असायच्या.

आणि लोकांना ते आवडायचं, हे माझं दुखणं. "नववं प्रकरण काय लिहिलंय हो!" अशी पत्रं यायची. हे मिशीतल्या मिशीत हसत बाईंकडे बघायचे. बत्तीस वर्षं संसार केला मी, माझ्याकडे कधी असं पाहिलं नाही. जळले मी. खोटं कशाला बोलू?

विसावा भाग निघाला तेव्हा एक दिवस बाईंना यायला उशीर झाला, म्हणून टपाल मी फोडलं. एका पाकिटावर पाठवणाऱ्याचं आडनाव बाईंचंच. आतलं वाचलं. ते पत्र मला फाडून टाकता आलं असतं. बाईंना बाजूला घेऊन हलकेच सांगता आलं असतं. मी चार वाजेपर्यंत थांबले, चहा घेऊन गेले आणि दोघांसमोर उभी राहून खणखणीत आवाजात वाचलं.

"मी लहानपणापासूनचा आपला वाचक. पण आता तेच ते वाचून कंटाळा येतो. विशेषतः ते आईचं पत्र. बाराव्या भागापासून ते जे लांबलंय, मी ती पानं न वाचताच उलटतो. लढाईच्या पुस्तकात आयांची रडगाणी हवीत कशाला? कृपा करून काढून टाका." खालचं नाव मी मुद्दाम सावकाश वाचलं.

ह्यांना काही कळायचा प्रश्नच नव्हता. नऊ वर्षांत ह्यांनी बाईंना आडनाव विचारलं नव्हतं.

बाईंची बोटं की-बोर्डवर होती, तिथेच राहिली. नऊ पत्रं. साऱ्या जगानं वाचली, आणि ज्याच्यासाठी लिहिली त्यानं एक ओळ वाचली नव्हती.

"बघा, नेमकं बोलला!" हे खूश. "मलाही कधीचं वाटत होतं. पत्र बंद. बाई, घ्या उत्तर. आपली सूचना मोलाची आहे. पुढच्या भागापासून हे पत्र असणार नाही. लोभ असावा."

बाईंनी टाइप केलं. एक चूक नाही. मला वाटलं, आता रडतील, आता सांगतील, निदान खाली आपले दोन शब्द घालतील. शपथेवर सांगते, तसं केलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी कागद सहीसाठी ह्यांच्यापुढे ठेवला, कोरं पाकीट घेतलं, पत्ता समोर धरला. मग मान वर न करता विचारलं, "नावाआधी श्रीयुत लावू?"

"लावा की," हे म्हणाले. "आपल्या ओळखीचा थोडाच आहे!"

बाईंनी श्रीयुत लावलं.