जाळीतून वाहिलेली फुले

अब्बास मिस्त्री गेल्याची वार्ता आली, तेव्हा मी प्रातःसंध्येला बसलो होतो आणि ओंजळीत अर्घ्याचे जल होते. फोन सोलापूरच्या रुग्णालयातून, त्यांच्या धाकट्या भावाचा. "शास्त्रीजी, भाई गेले..." एवढेच तो बोलला. ते जल मी सूर्याला दिले की भुईवर सांडले, हे मला आज सहा आठवड्यांनंतरही सांगता येत नाही.

तुळजापुरात सोलापूर रस्त्याला मिस्त्रींचे पत्र्याचे गॅरेज. वडीलबंधूंनी जाताना माझ्या स्वाधीन केलेली जुनी मोटार पुढे कायम त्यांच्याच हाती राहिली. या गाडीचे इंजिन मागे असते आणि त्यात पाणी नसते. एक पंखा मागच्या जाळीतून हवा आत ओढतो, त्या हवेवरच ते थंड राहते. अशा इंजिनांना तेलगळती फार. इतर कारागीर जिथे ओले दिसेल तिथला बोल्ट आवळून मोकळे होत. मिस्त्री आधी सारे इंजिन रॉकेलने धुऊन पुसत, कोरड्या अंगावर टाल्कम पावडर उडवत, गाडी थोडी चालवून आणत आणि मग हातबॅटरीचा उजेड घेऊन खाली आडवे होत. पांढऱ्या पावडरीत तेलाची पहिली काळी रेघ जिथे उमटे, दोष तिथेच. "खाली ठिपकतंय म्हणून खालीच बघायचं न्हाय, शास्त्रीजी. तेल वरनं वाट काढत येतंय." मी म्हणे, "मिस्त्री, हे तर भस्मलेपन झाले." त्यावर गाडीखालूनच उत्तर येई, "मग मंत्र तुम्ही म्हणा, रबरं मी बदलतो. पर जरा हळू म्हणा, पाना हातातनं सुटतोय!"

दसरा उलटला की चार दिवसांत त्यांचा फोन ठरलेला. "गाडी आणून सोडा." कशासाठी, हे मी कधी विचारले नाही, ती त्यांची शिस्त समजलो. या वर्षी फोन दोनदा आला. पण कोजागरीला पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला, पुढे घरात दिवाळी... आणि खरे सांगायचे तर माझी चालढकल. "लई दिवस तशीच चालवू नका," ते म्हणाले होते. दिवाळीनंतर गाडी नेली. मागचे झाकण उघडायला मिस्त्री वाकले आणि छाती धरून तसेच खाली बसले.

जवळच्या डॉक्टरांनी तपासून ताबडतोब सोलापूर गाठायला सांगितले. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. "हीच घ्या की," मिस्त्री माझ्या गाडीकडे बोट करून म्हणाले. त्यांच्या पत्नी, रशीदाभाभी, त्यांना धरून मागे बसल्या. तामलवाडीच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला, जळक्या तेलाचा धूर आत येऊ लागला. मी तशीच दामटत राहिलो.

"बंद करा," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले.

"मिस्त्री, आता थोडेच राहिले..."

"बंद करा, शास्त्रीजी! ऐकू येत न्हाय का तुम्हाला? जाम हुईल इंजिन."

मरणाच्या दारातही ते इंजिनच ऐकत होते. भाभींच्या मांडीवर त्यांचे डोके, आणि मी रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभा. गाड्या मला चुकवून जात राहिल्या. मला स्तोत्रे आठवेनात. "थांबा हो, थांबा" एवढेच तोंडातून निघत होते. अखेर सोयाबीनची पोती भरलेला एक टेम्पो थांबला. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "थोडे आधी आणले असते तर..." तिसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्री गेले.

पुढे सोलापूरच्या एका कारागिराने इंजिन उघडले. तेल थंड करणाऱ्या कूलरच्या बारीक पट्ट्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि अक्षता ठासून बसल्या होत्या. हवा अडली, तेल उकळले, सील भाजून फाटले. "ही फुलं कुणी घातली हो यात?" त्याने विचारले. खंडेनवमीला लोक गाडीच्या नाकावर हार घालतात. मला ते वरवरचे वाटे. अधिष्ठान इंजिनात, म्हणून मी मंत्रपूर्वक एकेक फूल मागच्या जाळीतून आत वाहत असे. जन्मभर शास्त्र शिकवले. पंखा आत ओढतो, एवढे मला उमगले नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, पतीमागे पाळायच्या एकांतात, म्हणून पडद्याआडून बोलणे. "भाभी, मिस्त्रींचा घात माझ्या हातून झाला," म्हणत मी सारे सांगितले.

"त्यांना ठाव होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फुलांचं. दरसाली दसऱ्यानंतर काढायचे. मी म्हणलं एकदा, सांगा की शास्त्रीजींना. तर म्हणाले, मनापासून वाहतात गं ते. काढायला मी हाय न्हवं."

भाभींनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. धाकट्या भावाने फळीवरून एक ब्रश आणून माझ्या हाती दिला. लाकडी मुठीला तारेचे चार केस बांधलेला, अरुंद. "हा तुमच्याच गाडीचा. दुसऱ्या कशाला लागत न्हाई."

तो मी घरी आणला आहे. देवघरात ठेवण्याचा धीर होत नाही, आणि बाहेर ठेवण्याचाही. मिस्त्रींच्या अंगठ्याने मूठ एका बाजूला झिजून खोलगट झाली आहे... त्या खळग्यात माझा अंगठा बसत नाही.