बाजेवर आधी बाप

१९७४च्या थंडीत पलूसला आमच्या उसाच्या पाचटाच्या खोपीत मुलगी जन्मली. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवायला मी शेगडी काठोकाठ निखाऱ्यांनी भरली. सुईण साळूमावशीनं निम्मे निखारे काढले.

"पोर शेकायची हाय रं, भाजायची न्हाई. आता तू बाजेवर झोप."

"आवं मावशी, लोक हसतील."

"हसू देत."

मी झोपलो. मावशीनं बाजेखाली वीत लावून अंतर मोजलं. माझ्या वजनानं सुतळी इतकी खाली आली होती, की वाकळ निखाऱ्यांना टेकली असती.

"रिकाम्या बाजेवर माझा इस्वास न्हाई," ती म्हणाली.

मी सुतळी पुन्हा कसली, खुरांखाली विटा दिल्या आणि परत झोपून दाखवलं. मगच शेगडी आत गेली. मावशीच्या हातची एकही बाज कधी पेटली नाही. गाव मला मात्र वर्षभर बाळंतीण म्हणत होतं.