हिराजीभाऊंच्या होडीत मुलाची आई

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अत्यंत मूर्ख बाई होते. हे तेव्हा मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आता सत्तरी उलटल्यावर मलाही कळलंय. नातवंडं त्या दिवसाची ऐकीव गोष्ट मीठमसाला लावून सोसायटीभर सांगत सुटली आहेत, म्हणून म्हटलं, खरी हकिगत आपणच लिहावी. मीठमसाल्याची तिला गरजच नाही.

आम्ही लालबागचे. चाळीत दोन खोल्या, एक नवरा, एक मुलगा. मुलगा मंगेश एकोणतीस वर्षांचा झाला आणि ऑफिसातल्या दर्शनाच्या प्रेमात पडला. दर्शना माहीमच्या कोळीवाड्यातली. वडील हिराजीभाऊ स्वतःच्या लहानशा होडीने खाडीच्या तोंडाशी मासेमारी करायचे, आई पारूबाई मासळी विकायच्या. माझी हरकत नव्हती. माझं मन मोठं होतं (हे मी दिवसातून दोनदा तरी सांगत असे). 'बिचारे साधे लोक आहेत, आपण सांभाळून घेऊ,' असं मी आख्ख्या गॅलरीला ऐकवून ठेवलं होतं.

त्या साध्या लोकांकडून एक दिवस निरोप आला. रविवारी सकाळी नऊला या, होडीतून एक फेरी मारू, मग घरी जेवायलाच बसू.

"आई, एक लक्षात ठेव," मंगेश म्हणाला. "त्यांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांना तुला बघायचंय."

"मला? मुलाच्या आईला कोणी बघत नाही. मुलाची आई बघते."

त्यावर तो नेहमीसारखा हसला नाही. दर्शना एकुलती एक, तिच्या वडिलांनी नाही म्हटलं तर ती त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, एवढं त्याने सांगितलं. आठवडाभर पोरगा नीट जेवत नव्हता. एरवी बांगड्याच्या तिखल्यावर तीन वेळा भात घेणारा! "त्या एका दिवशी फार बोलू नकोस, बस," त्याने हात जोडले. मी कुठे फार बोलते, हे मी त्याला पाऊण तास समजावून सांगितलं.

आता माझी तयारी ऐका. होडीत बसायचं म्हणून मी लग्नातली इरकल काढली आणि नाकात नथ घातली. शिवाय नऊला बोलावलं म्हणून नऊला पोचायचं, हा मुलीकडच्यांचा धर्म. वरपक्षाने वाट बघायला लावायची असते, नाहीतर मान राहत नाही. म्हणून मी सगळ्यांना तयार करून, चपला घालून, घरातच दोन तास बसवून ठेवलं. आमचे हे दोनदा चपला काढून आडवे झाले, दोनदा मी उठवलं. माहीमला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

हिराजीभाऊ गुडघाभर पाण्यात होडी धरून उभे होते. ठेंगणा, काळाभोर, कमी बोलणारा माणूस. त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या इरकलीकडे, मग पुन्हा पाण्याकडे.

"ताई, उशीर झाला. पानी उतराय लागलं. आज घरीच बसू, जेवू. होडीचं पुढच्या रविवारी बगू."

इथे कुठलीही शहाणी बाई जेवायला बसली असती. पण मी खाडीकाठची होते ना! म्हणजे माझ्या वडिलांचं गाव मालवणकडे, खाडीच्या काठी. मी तिथे उभ्या जन्मात दोनदा गेले होते. एकदा खाडीत पाय घातला, तो कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, धरला, म्हणून लगेच काढला. एवढा अनुभव गाठीशी घेऊन मी हिराजीभाऊंना भरतीचं गणित शिकवलं. आज चतुर्दशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असं आमचे काका सांगत. चौदाची पाऊणपट साडेदहा. "साडेदहाला भरती भरली, म्हणजे आता दिवसभर पाणीच पाणी," मी म्हणाले.

गणित बरोबर होतं. भरलेलं पाणी लगेच उतरायलाही लागतं, हा पुढचा भाग काकांनी सांगितला असणार, पण तेव्हा मी कुर्लीने धरलेला पाय चोळत असेन.

दर्शना काहीतरी बोलणार होती. हिराजीभाऊंनी हात वर करून तिला थांबवलं. "ऱ्हाऊ दे. मुलाची आई हाय."

मला पुढे कळलं, की त्यांच्या होडीत त्यांचा सख्खा थोरला भाऊसुद्धा त्यांच्या शब्दापुढे बोलत नाही. होडीवर शब्द तांडेलाचा, म्हणजे होडी हाकणाऱ्याचा. पण लग्नाच्या बोलणीत मुलाच्या आईला नाही म्हणायचं नसतं, हीसुद्धा रीतच. त्या दिवशी दोन रीती समोरासमोर आल्या आणि दुर्दैवाने माझी जिंकली.

"पन दीडला निघायचं," ते म्हणाले.

"बघू," मी म्हणाले. भाजीवाल्याला म्हणतात तसं.

मी, आमचे हे, मंगेश, दर्शना आणि हिराजीभाऊ अशा पाच जणांनी ती होडी भरली. मी जाळ्याच्या ढिगावर सिंहासनावर बसावं तशी बसले. खाडीच्या तोंडाशी जाऊन हिराजीभाऊंनी नांगर टाकला आणि जाळं सोडलं. वर आल्या प्लास्टिकच्या पिशव्या, एक तुटकी बादली आणि दोन बोय मासे. "एवढंच?" असं मी म्हणाले. आमच्या गावी पोरंसुद्धा याच्या दुप्पट पकडतात, असंही म्हणाले. मंगेशने डोळे मिटून घेतले. मग मी गळ मागितला. हिराजीभाऊंनी गळाला कोळंबी लावून दोरी माझ्या हातात दिली.

दहा मिनिटांत दोरीला जबरदस्त ओढ बसली.

"जिताडा!" मी ओरडले. "पाच किलोचा तरी असेल."

मी ओढायची, तो हलायचा नाही. मी ढील द्यायची, तो खाली ओढायचा. होडी लाटेवर वर गेली की दोरी ताणायची, खाली आली की सैल पडायची. असा झुंजार मासा मी कधी पाहिला नव्हता (कुठलाच जिवंत मासा पाहिला नव्हता, पण ते सोडा). एक वाजता तो सात किलोचा झाला, सव्वा वाजता दहाचा. डोकं कालवणात, मधल्या तुकड्या तळायला, एक तुकडी शेजारच्या नलूताईंकडे, असं वाटप मी करून टाकलं.

दीड वाजला. हिराजीभाऊंनी विचारलं, "ताई, नांगर उचलू?"

"छे, मासा जाईल."

"ताई, तो मासा नाय."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या माणसाने तोंड फिरवून विडी पेटवली. "मला नका शिकवू, आम्ही खाडीकाठची माणसं," हेही वरून ऐकवलं. आमचे हे मालवणीत कुजबुजले, "अगो, सोड ती दोरी. माणसां उपाशी आसत." मी सोडली नाही.

सव्वादोनला हिराजीभाऊ न विचारताच उठले आणि नांगर ओढायला लागले. नांगराचा दोरखंड हात-हात वर येत गेला आणि त्याबरोबर माझा जिताडाही वर यायला लागला. शेवटी दोन्ही एकदमच आले. माझा गळ आमच्याच होडीच्या नांगराच्या दोरखंडात रुतला होता. सव्वा तासाहून जास्त वेळ मी आम्ही बसलेली होडीच ओढत होते. आणि गळाची कोळंबी? ती कुणीतरी केव्हाच खाऊन गेलं होतं. म्हणजे खाडीत मासे होते, फक्त ते माझ्यापेक्षा हुशार होते.

कोणी हसलं नाही. दर्शनाचे खांदे तेवढे हलत होते. मला वाटलं, वाऱ्याने थंडी वाजत असेल.

परत निघालो. किनारा शंभर पावलांवर राहिला आणि होडीखालून खरखर आवाज आला. मशीनच्या पंख्याने अर्धा शेर चिखल उडवून माझ्या इरकलीवर घातला. हिराजीभाऊंनी मशीन बंद केलं.

"बसली," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"पानी परत येईस्तवर. सात वाजतील."

बघता बघता उरलेलं पाणीही सरकलं आणि चहूबाजूला काळा चिखल उघडा पडला. त्या चिखलाला जो वास होता, त्याचं वर्णन करणार नाही, कारण ही वही मी जेवणाच्या टेबलावर लिहिते आहे. मी यांना म्हटलं, "उतरा आणि ढकला." बत्तीस वर्षांच्या संसारात यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून उत्तर दिलं. "तू उतर."

हिराजीभाऊ सांगत होते, उतरू नका, चिखल धरतो. पण मला नवऱ्याने आव्हान दिलं होतं, आणि तेसुद्धा होणाऱ्या सुनेसमोर. मी निऱ्या वर खोचल्या, नथ सावरली आणि उतरले.

पहिला पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढण्यासाठी दुसऱ्यावर जोर दिला, तर तो मांडीपर्यंत गेला. मग पहिल्याला वाटलं, आपण का मागे राहावं. मिनिटभरात मी कमरेपर्यंत आत होते आणि इरकल भोवती काळ्या छत्रीसारखी पसरली होती. हिराजीभाऊंचा आवाज पहिल्यांदाच चढला, "हलू नका, बोलू नका!" त्यातली पहिली सूचना मी पाळली. शेवटी बापलेकीने माझ्या काखेत दोरखंड घालून मला ओढून घेतलं. त्या दिवसाची ती सर्वांत मोठी मासळी. चपला मात्र खाडीने ठेवून घेतल्या.

किनाऱ्यावर माणसं जमली होती, मोबाईल वर करून. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. लालबागहून नलूताई. "तू माहीमला चिखलात रुतलीयेस का गं? आमच्या पोराच्या मोबाईलवर आलंय. ती नवीन इरकल कुठून घेतलीस?"

तीनच्या सुमाराला पारूबाई आल्या. एका लांब फळीवर गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत, डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन त्या सर्रकन होडीशी पोचल्या. ना घाम, ना पदर ढळलेला. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि पहिलं ताट मला वाढलं. मुलाच्या आईचा मान. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण. सगळे माझ्या पहिल्या घासाकडे बघत होते. कमरेखाली काळी, कमरेवर नथ, अशा अवस्थेत मी घास गिळला आणि म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय."

मग मंगेश बोलला. मोठ्याने नाही, अगदी हळू. "आई, माझं सगळं आयुष्य आहे गं हे."

त्याचं ताट तसंच होतं. तेव्हा मी दिवसभरात पहिल्यांदा माझ्या पोराचा चेहरा पाहिला. मग हिराजीभाऊंचा, जो कशाकडेच बघत नव्हता. मला कळलं, की मी साडीचा नाही, पोराच्या लग्नाचा सत्यानाश केलाय. त्यानंतर मी तीन तास तोंड उघडलं नाही. हे मध्येमध्ये माझी नाडी बघत होते.

साडेसहाच्या पुढे पाणी आलं. आधी चिखलाला चाटत, मग होडीखाली शिरत. होडी जराशी डुलली. मी सगळा धीर गोळा केला. "भाऊ, चुकलं माझं. वेळेवर आले नाही, तुमचं ऐकलं नाही. पण त्याचा राग पोरावर काढू नका. तो माझ्यासारखा नाही, बापावर गेलाय."

हिराजीभाऊंनी हात घालून पाणी किती चढलं ते पाहिलं.

"ताई, खरं सांगू? माजी पोर तोंडाची तिखट. सासू हुशार भेटली तर पोरीचा निभाव कसा लागायचा, या घोरानं महिनाभर धड झोपलो नाय. म्हनून बोलावलं तुमाला. आज सकाळधरनं बगतोय. आता माजा घोर मिटला. पोरगी दिली."

मंगेशने तिथल्या तिथे त्यांचे पाय धरले. पारूबाईंनी तोंडाला पदर लावला, दर्शना तर पोट धरून वाकली होती. मला वाटलं, आनंदाश्रू. माझा गेलेला तोरा एका क्षणात परत आला. मी नाकातली नथ सावरली, ताठ बसले आणि म्हणाले, "माणसांची पारख आहे हो तुम्हाला."

ते नेमकं काय म्हणाले होते, हे माझ्या डोक्यात शिरायला चार महिने लागले. एका दुपारी मसाल्याच्या मिरच्यांचे देठ खुडता खुडता एकदम उमगलं आणि मी हातातली मिरची टाकून ताडकन उभी राहिले. पण काही उपयोग नव्हता. अक्षता पडून तीन आठवडे झाले होते.