बोंदरीबाईला पाठवलेली चिठ्ठी

बाळांनो, तुम्ही नैरोबीच्या चर्चमध्ये दर रविवारी पहिल्या बाकावर बसता, असे तुमच्या आईने लिहिले आहे. वाचून समाधान वाटले. पण पहिल्या बाकावर बसूनही माणूस प्रभूपासून किती लांब असू शकतो हे मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः तशी होते.

तेव्हा तुमची आई चार वर्षांची होती. तुमचे आजोबा नवापूरच्या बाजूला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि बायकांची रविवारची सभा माझ्याकडे होती. मी बोर्डिंगात इंग्रजी शिकलेली. मला सगळे वेळेवर आणि जागच्या जागी लागे. प्रार्थनाही ठरलेली असे. आधी उपकारस्तुती, मग आजारी माणसे, मग सरकार, मग आमेन. देव ऐकतो की नाही हा प्रश्नसुद्धा मला पडत नसे. घरात रोज दिवा लावावा तशी मी प्रार्थना करी, आणि उजेड पडला का हे बघत नसे.

आमच्या सभेत बोंदरीबाई नावाची एक भिल्ल विधवा होती. विसरवाडीच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावरून ती तीन कोस चालत येई. तिच्या आवाजाने बाकीच्या बायका गाऊ लागत. एका चैत्रात ती सलग पाच रविवार आली नाही. विचारले तेव्हा कळले की ती मोहाची फुले वेचायला जाते. मोहाची दारू होते, एवढेच मला माहीत. मी चर्चच्या पाळकांनाही न विचारता सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली: तू पश्चात्ताप करीपर्यंत सभेला येऊ नकोस आणि प्रभुभोजनालाही बसू नकोस. पाड्याकडे जाणाऱ्या एका माणसाच्या हाती ती दिली आणि आपले कर्तव्य केले असे समजून मोकळी झाले. बोंदरीबाई त्यानंतर आलीच नाही.

वर्ष गेले. आमचे म्हातारे पाळक एकदा चहाला आले असताना त्यांनी तिची चौकशी केली. मी चिठ्ठीची हकिकत सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, बोंदरी वाचायला कधी शिकली?"

तिला अक्षरही येत नव्हते, हे मला ठाऊक होते.

"मग तिला ती वाचून कोणी दाखवली असेल?"

रागावले असते तर मी उत्तर दिले असते. पण ते तेवढेच बोलून गेले, आणि ती दोन वाक्ये मला आठवडाभर जेवू देईनात. येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला मी कितीदा शिकवला होता. त्यातला मेंढपाळ चिठ्ठी पाठवीत नाही, स्वतः जातो, हे मला तोवर दिसले नव्हते.

मी बैलगाडी ठरवली. विसरवाडीला मुक्काम करून पहाटे निघालो. डोंगराच्या पायथ्याशी ओहोळ ओलांडताना चाक मोडले. गाडीवान खाली वाकून म्हणाला, "चाक गयं बाई. तुम्ही आठेच बसा, मी गावमाईन मानूस लई येस." तो माणूस आणायला गावाकडे गेला आणि थोड्याच वेळात मला हुडहुडी भरली. तिजारीचा हिवताप होता. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते, तिथून खाली मातीत घसरले. नेहमीची प्रार्थना म्हणायला गेले, पण तिचे पहिले वाक्यही आठवेना. शेवटी मी नुसते "प्रभू, मला तिच्यापर्यंत ने" एवढेच म्हणाले. कित्येक वर्षांत मी खरोखर काही मागितले ते तेवढेच.

डोळे उघडले तेव्हा समोर टोपली घेतलेली एक म्हातारी उभी होती. तिने मला भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी पाजले. तिची भिल्लांची बोली मला बरीचशी कळत होती.

"कोणाकडं निघालीस?"

"बोंदरीबाईकडे."

तिने मला खालवर न्याहाळले. "ती चिठ्ठीवाली बाई तूच का?"

मी मान हलवली.

"मग ऊठ. इथं मेलीस तर तुझ्या घरी चिठ्ठी कोण लिहील?"

तिच्या खांद्यावर भार टाकून मी चढण चढले. एका मोठ्या मोहाच्या झाडापाशी तिने मला सोडले आणि मी वळून बघेपर्यंत ती निघूनही गेली होती. पुढे बोंदरीला विचारले, तर अशी म्हातारी आपल्या पाड्यावर नाही म्हणाली. मी त्यावर वाद घालीत नाही. झाले ते सांगते आहे.

बोंदरी झाडाखाली फुले वेचत होती. मला बघून ती थांबली नाही.

"उन्हं वर आली की गुरं येतात, बाई. खाऊन टाकतात सगळं."

"एवढ्या फुलांचं काय करतेस?"

"वाळवायची. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा शिजवून खातो आम्ही. तुम्हांला काय वाटलं?"

मला काय वाटले होते ते मी सांगितले. चिठ्ठी कोणी वाचली, तेही विचारले.

"दारूच्या दुकानावरच्या कारकुनानं. पाड्यात वाचता येणारा तोच. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. म्हणाला, तुझ्या देवानं हाकललं, आता आमच्याकडं ये."

"मग गेलीस?"

"नाही गेले. पण तुमच्याकडं तरी कोणत्या तोंडानं येणार? गाणं ओठांवर आलं की त्याचं हसू ऐकू यायचं. सोडून दिलं."

मी तिची क्षमा मागितली. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, आपले लुगडे सावलीत अंथरून मला त्यावर निजवले आणि पुन्हा फुले वेचू लागली. ताप उतरेपर्यंत दोन दिवस तिच्याच झोपडीत तिने मला पेज पाजली. गाडीवान चाक बसवून मला न्यायला आला. निघताना मी तिला सभेला ये म्हटले, तर ती म्हणाली, "बघू."

मी पाळकांना सारे सांगितले. ते म्हणाले, मोहाच्या दिवसांत सभा झाडाखालीच का भरू नये? पुढच्या रविवारसाठी आम्ही सातजणी शनिवारीच विसरवाडीला जाऊन राहिलो आणि उजाडताच तिच्या झाडाखाली पोचलो. हात फुलांत, तोंडात स्तोत्र. बोंदरी गायली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मी ठरलेली प्रार्थना बाजूला ठेवली आणि कोणी प्रार्थना करील का, असे विचारले. बोंदरीचा आवाज आला, तिच्या स्वतःच्या बोलीत. मी मान वर करून पाहिले. तिचे डोळे टक्क उघडे होते, नजर ओहोळाकडे लागलेली.

प्रार्थना संपल्यावर मी विचारले, "डोळे मिटले नाहीस?"

"गुरं येत होती ना," ती म्हणाली. "त्याला ठाऊक आहे."

बाळांनो, त्या दिवशी मी हसले आणि हसता हसता रडले. तिला परत आणायला म्हणून मी निघाले होते. खरे तर प्रभूने तापाने लोळवून मलाच परत आणले होते. माझी सारी व्यवस्था त्याने आधी मोडली आणि मग मला वापरले, याबद्दल मी आजही त्याचे उपकार मानते. आपल्या हाती काही उरत नाही तेव्हा घाबरू नका. त्याच्या हाती सगळे असते.