अमृतरावांनी घेतलेलं वर्षाचं पॅकेज

आमच्या मालकांना पारखून घेतल्याबिगर कोणतीच वस्तू पचत न्हाई. कळमनुरीच्या बाजारात वांगी घ्यायची तरी अमृतराव सगळ्या पालांवर फिरणार, आन् शेवटी पहिल्याच बाईकडं येणार. एसटीत ड्रायव्हर होते तवापासूनची ही खोड. बायको तेवढी पहिल्याच घरी पसंत केली, ते मला अजून ऐकवतात.

औंदा आमच्या गावची भुई लईच गुरगुरून राहिली. आधी जमिनीतून आवाज येतो, मग मांडणीवरची भांडी हलतात. घरं दगडमातीची, वर माळवद, म्हंजी लाकडावर मातीचं जड छप्पर. म्हणून दिवाळीपासून सारी गल्ली अंगणात पत्र्याखाली झोपते. नात पल्लवीला तर मी दप्तर आणायलाबी आत जाऊ देत न्हाई. तिचे मायबाप पुण्याला कामाला, लेकरू माझ्या भरोशावर.

मालकांना मात्र एकच ध्यास, भुईच्या पोटात काय चाललंय ते बघायचं. पल्लवी म्हणली, माहितीपट दाखवणारं एक ॲप हाय, त्यात भूकंपावर मालिका हाय. झालं! डिशवाल्या विश्वंभरला बोलावून त्याचं डोकं खाल्लं. मोबाईलपुरतं घेतलं तर स्वस्त, पण एकाच फोनवर दिसणार. डिशच्या पॅकेजात घेतलं तर नको ते च्यानल गळ्यात. वायफाय बसवून टीव्हीवर वर्षाचं घेतलं तर महाग, पण चित्र मोठं, सारी गल्ली बघणार.

"मोबाईलचंच घ्या," मी म्हणले. "अंगणात बसून बघता येतं. टीव्ही भिंतीवर, आन् भिंतीवर माळवद. एवढंबी कळंना का?"

"कमल, मोतीबिंदूच्या डोळ्यानं एवढ्याशा काचेत काय दिसणार?"

"मग टीव्ही भायेर आणा."

"वानरं फोडतील. तासाभराचं तर काम हाय."

सारं तोलून, मापून माणसानं नेमकं चुकीचं उचललं. टीव्हीवर, वर्षाचं. वर मागच्यांना ऐकू यावं म्हणून विश्वंभरचा मोठा स्पीकर मागून आणला.

दिवेलागणीला गल्ली आत शिरली. ज्या छपराला भिऊन सारे भायेर निजत होते, त्याच छपराखाली दाटीवाटीनं बसले. पल्लवी सगळ्यात पुढं, टीव्हीच्या खाली. हाक मारली तर, "आजी, थोडंच!" माझं डोस्कं फिरलं. मी अंगणातच भाकरी थापत बसले.

आत भूकंप सुरू झाला. स्पीकर घुमला. बाया "आगं माय!" करून हसून राहिल्या. तेवढ्यात माझ्या तांब्यातलं पाणी थरथरलं. चुलीवरचा तवा खडखडला. शेळी दाव्याला हिसके द्यायला लागली.

"भायेर या!" मी बोंबलले. "पल्ले, भायेर ये!"

"कमलबाई, टीव्हीतला हाय तो!" आतून कुणीतरी म्हणलं, आन् परत हसले.

मग लाईट गेली.

टीव्ही काळा पडला, स्पीकर गप झाला. आवाज थांबला न्हाई.

दारात एकच चेंगराचेंगरी झाली. सारे निघाले, पल्लवी दिसंना. शेवटी मालक तिला काखेत धरून आले, दोघांच्या केसात माळवदाची माती. टीव्हीच्या खिळ्यापासून भिंत खालपर्यंत उकलली होती. मी लेकराला पोटाशी धरलं आन् मालकांना नको नको ते बोलले.

वर्षाचं पॅकेज अजून चालू हाय. टीव्ही आता अंगणात, वानरं येवोत न्हाईतर जावोत. मालक रोज समोर बसतात, पण आवाज पार बंद करून. पडद्यावर डोंगर फुटतात, आन् हे चपला काढून दोन्ही तळवे भुईला टेकवून बसलेले.

काल पल्लवीनं विचारलं, "आजोबा, काईच ऐकू येईना, मग बघता काहून?"

"ऐकूनच राहिलो, बाळा," ते म्हणले. "जरा गप बस."

आमी सारे गप बसलो.