डावा सहा, उजवा पाच

माझ्या आईच्या मैत्रिणीने पायांचा जितका विचार केला, तितका रत्नागिरीतल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरने केला असेल असं मला वाटत नाही. आणि तोही साठीनंतर. त्याआधी चौतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ऑपरेटरला पाय असतात हे ऑपरेटर स्वतःच विसरून जातो, असं ती म्हणायची. कानाला हेडफोन, समोर वायरींचा बोर्ड आणि टेबलाखाली नुसते लोंबकळणारे पाय. निवृत्तीच्या समारंभात तिला दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा "मी आता चालणार," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. टाळ्या वाजवायच्या की हिच्यासाठी रिक्षा बोलवायची, हे बराच वेळ कुणाला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून ती खरोखरच चालायला लागली. सकाळी मांडवीपर्यंत, दुपारी बाजारात आणि साडेचारला आमच्या घरी, आईकडे. मी तिला मावशी म्हणायचो. तिने लग्न केलं नव्हतं. नाचणे गावाकडच्या रस्त्याला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. एक्स्चेंज सुटलं तरी त्याच्या सवयी सुटल्या नव्हत्या. माणसं तिला चेहऱ्यावरून ओळखूच यायची नाहीत. रस्त्यात कुणी हसून उभं राहिलं, की ती डोळे मिटून "हॅलो म्हणा बघू" म्हणायची, आणि समोरच्याने हॅलो म्हटलं की त्याचं नाव, गाव आणि मुंबईतला भाऊ कुठल्या गिरणीत होता तेही सांगायची. दुसरी सवय ट्रंक कॉलची, तीन-तीन मिनिटं मोजायची. गप्पा रंगात आल्या असताना मधेच थांबून विचारायची, "तीन मिनिटं झाली. वाढवून हवीत?" आई म्हणायची, "वाढव गो, चहा व्हायचाय अजून." मग पुढे दोन तास. पण ज्या घरात "हवीत" असं कुणी म्हणायचं नाही, त्या घरातून ती तिसऱ्या मिनिटाला उठायची. त्यात राग नसायचा. कॉल संपला, इतकंच.

मिरकरवाड्याच्या बायकांच्या गोष्टी ती पुष्कळ सांगायची. नवरे आखातात. बाई पोरांना घेऊन सकाळपासून लाईनची वाट बघत बसायची, आणि लाईन मिळाली की "बरे हाव ना?" झाल्यावर दोन्हीकडून गप्प. "मी ऐकत असायचे," मावशी सांगायची. "नुसता श्वास. असली मिनिटं मी कधी मोजली नाहीत. साहेब ओरडायचे, ओरडोत."

चालण्याच्या आड पहिली आली साडी. दोन महिन्यांत तिने सगळ्या साड्या वाटून टाकल्या आणि आळीतल्या शिंप्याकडून स्वतःच्या डोक्याने एक कपडा शिवून घेतला. वरून खाली एकच, पोटऱ्यांपर्यंत, मोठाल्या फुलांचा, दोन्ही बाजूंना खोल खिसे. ओढणी नाही, सलवार नाही. शेजारणीने विचारलं, "गाऊन घालून बाजारात निघालात?" तर म्हणाली, "गाऊनला खिसे असतात का? हा ड्रेस आहे." खिशांत किल्ल्या, आल्याच्या वड्या आणि अर्ध्या जिल्ह्याच्या बातम्या. एकूण सहा ड्रेस शिवले आणि मग तिच्या लक्षात आलं की ड्रेसखाली पाय दिसतात.

इथून बुटांचं प्रकरण सुरू झालं. चपलेत तिचा पाय मुरगळायचा. डाव्या अंगठ्याशी हाड वाढून तो पाय सहा नंबरचा झाला होता, उजवा पाचचाच राहिला होता. रामआळीतले चपलांचे दुकानदार तिला बघून शटर ओढायचे नाहीत, पण चहा मागवून ठेवायचे, कारण वेळ लागणार हे ठरलेलं. एका चाचांच्या दुकानात मी तिच्याबरोबर होतो. ते म्हणाले, "मावशी, हा बघा, एकदम सॉफ्ट." ती म्हणाली, "सॉफ्ट मला झोपायला हवं, हे चालायला पाहिजेत." बायकांचे स्पोर्ट शूज म्हणजे गुलाबी आणि वर चमकी. "माझा ड्रेस आधीच बोलतो, बूट गप्प हवेत," हे तिचं म्हणणं. पुरुषांचे घेतले तर टाच सुटायची. पसंत पडलेला जोड पायात घालून ती दुकानातून तडक बाहेर पडायची, गोखले नाक्यापर्यंत चालून यायची आणि काढून ठेवत म्हणायची, "करंगळी तक्रार करतेय." चाचा एकदा म्हणाले, "मावशी, इतकं तर आम्ही पोरीला स्थळ बघताना फिरलो नाही." अखेर ती शाळेच्या पीटीचे पांढरे, बिनलेसचे बूट घालायला लागली. डावा पाय कोंबलेला आणि उजव्यात कापूस. त्यांचा तळ पत्र्यासारखा. संध्याकाळी आमच्याकडे यायची, पायरीवर ते भिरकावायची आणि आत येऊन आईसमोरच्या वेताच्या खुर्चीत पाय चोळत बसायची.

मग आई गेली. मावशी तरीही साडेचारला येत राहिली. त्याच खुर्चीत बसायची, समोर आईची रिकामी खुर्ची. मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्या वेळेला घरी पोचतो. तिने "वाढवून हवीत?" विचारलं की माझी बायको "बसा ना मावशी" म्हणायची आणि मी मोबाईलमध्ये बघायचो. तिच्या आवाजाने घर अर्धा तास पूर्वीसारखं वाटायचं आणि ती गेली की पुन्हा नव्याने रिकामं व्हायचं, हे एक कारण. दुसरं कारण साधंच आहे, मला कंटाळा यायचा. दोन्ही खरी आहेत. पहिलं मी लोकांना सांगतो, म्हणून दुसरं इथे लिहितो.

एके दिवशी ती फाटकातून येताना मला खिडकीतून दिसली. मी बायकोला म्हटलं, "सांग, घरी नाहीये," आणि मधल्या खोलीत पडद्यामागे उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस. बाहेरून मावशीचा आवाज आला, "चपला इथं आणि माणूस कुठं? अनवाणी गेला की काय?" मग तीच म्हणाली, "बरं. आला की सांग, येऊन गेले." दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली. त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

ते मनात घेऊनच मी त्या वर्षी दिवाळीआधी कामानिमित्त कोल्हापूरला गेलो आणि बुटांच्या एका मोठ्या दुकानात दोन तास घालवले. राखाडी, लेसचे, कुठल्याही ड्रेसशी न भांडणारे, आतून मऊ, टाच घट्ट धरणारे. सहाचा एक जोड आणि पाचचा एक जोड, दोन्ही घेतले. दुकानातल्या मुलीने विचारलं, "आईसाठी का?" मी हो म्हणालो. ते खोटं मात्र मला अजून खुपत नाही.

मावशी ते घालून भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "बाळ्या, आज चालताना पायांची आठवणच आली नाही." आयुष्यात मला इतकी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती. उरला डावा पाच आणि उजवा सहा. तो जोड तिने खोक्यात घालून माझ्याकडे दिला आणि जाहीर केलं की जिल्ह्यात कुठेतरी तिच्या उलट पायांची बाई असणारच, ती शोधायची. माणसं एकमेकांना जोडून देण्यात तिचा जन्म गेलेला. एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, मिरकरवाड्याच्या बंदरावर ती बायकांचे पाय निरखायला लागली. एक मासेवाली म्हणाली, "पाय कसले बघतेस गो मावशे, बांगडे बघ." मंडणगडहून निरोप आला की तिथल्या एका निवृत्त बाईंचा उजवा पाय मोठा आहे, पण नंबर आठ. पोफळीच्या कॉलनीतून एकीने फोन करून पाय अगदी जुळतो म्हणून कळवलं. चार दिवसांनी कळलं की गांधीलमाशी चावली होती, सूज उतरली.

या गमतीत माझ्या एक गोष्ट लक्षात आली नाही. मावशी आता आमच्या घरात येत नव्हती. जांभ्याच्या तीन पायऱ्यांपैकी खालच्या पायरीशी उभी राहायची आणि म्हणायची, "आत येत नाही, बूट आहेत." आम्ही म्हणायचो, "बरं." तिच्या अनेक तऱ्हांपैकी ही एक, असं मी धरून चाललो. उभ्याउभ्या बोलायची, मग "तीन मिनिटं झाली," म्हणून निघायची. वाढवून हवीत का, हे विचारणं तिने सोडलं होतं. मला हायसं वाटायचं. पुढे ती एक दिवसाआड येऊ लागली, मग आठवड्याने. दिवाळी ते शिमगा असं चाललं.

शिमग्याच्या सुट्टीत बायकोने मावशीला पुरणपोळ्या देऊन यायला सांगितलं. अकराची वेळ. दार लोटलेलं होतं. निळा ड्रेस घालून मावशी खुर्चीत बसली होती आणि तिच्या पायात बूट होते. स्वतःच्या घरात, लेस बांधलेले बूट. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर एका स्टुलावर पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा आणि तिच्या गोळ्या मांडून ठेवलेल्या. आत फळीवर देव होते. उंबऱ्याच्या आत ती गेलेली दिसत नव्हती.

"मावशी, घरात बूट?"

"नऊला बाई येते, बांधते. सहाला येते, सोडते. मधे मी बुटात. देवांना सांगून ठेवलंय."

"पण का?"

"वाकवत नाही रे मेल्या. गणपतीपासून कंबर वाकत नाही. काढले तर घालणार कोण?"

"मग सांगायचं ना. बिनलेसचे आणून दिले असते."

"यांनी पाय दुखत नाहीत. आणि तू आणलेस ते. बदलू कशाला?"

माझ्या हातात पोळ्यांचा डबा तसाच होता. मी विचारलं, "म्हणून आमच्याकडे आत येत नव्हतीस?"

"तुमच्याकडे काढले असते, तर परत घालायला कोणाला सांगणार? तुझ्या बायकोला कसं सांगू, परकी पोर. तुला सांगितलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तू घरी असतोस का?"

हा टोमणा नव्हता. तिने खरंच विचारलं. मी "असतो" म्हणालो, आणि माझा आवाज तिच्यासारख्या बाईला कसा ऐकू गेला असेल, याचा विचार अजून करतो.

निघताना मी तिला "उद्या ये" म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी साडेचारला मी खालच्या पायरीवर बसून होतो. ती आली तसा तिचा एक पाय गुडघ्यावर घेतला आणि गाठ सोडायला लागलो. कामाच्या बाईने दुहेरी मारलेली, नखाने उचकटावी लागली. "अरे, लोक बघतायत," मावशी म्हणाली. "बघू देत," मी म्हणालो. तिचा डावा पाय सुजलेला होता, मोज्याला अंगठ्याशी रफू होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती पायऱ्या चढली आणि कित्येक महिन्यांनी वेताच्या खुर्चीत बसली. आईच्या खुर्चीकडे बघितलं, खोलीभर नजर फिरवली. चहा आला. मग तिने जरा चाचरत विचारलं, "तीन मिनिटं झाली. वाढवून हवीत?"

"हवीत," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नाक्यावरच्या चांभाराकडून लेसच्या जागी इलॅस्टिक घालून आणतो, असं मी तिला सुचवलं होतं. ती नको म्हणाली. "मग तू पायरीपर्यंत कशाला येशील?"

हे जेमतेम दोन महिने चाललं. वैशाखात ती न्हाणीघरात पडली, अर्थातच अनवाणी, आणि बदलापूरची भाची येऊन तिला घेऊन गेली. भाची चांगली आहे. सातवा मजला, लिफ्ट, दारामागे चपलांचं कपाट. राखाडी बूट तिने बरोबर नेले, पण ते त्या कपाटात असतात. भाची सकाळी साडेसातला निघते, बांधायला कुणी नसतं. खाली बाग आहे म्हणे. ती वरून दिसते.

डावा पाच आणि उजवा सहा माझ्याकडे आहेत. कुणाच्याही दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की मी नकळत उजव्या-डाव्याची लांबी बघतो, आणि बायको मला ओढून पुढे नेते. रविवारी साडेचारला मी मावशीला फोन लावतो आणि पायरीवर जाऊन बसतो.

"सापडली का रे?"

"नाही अजून."

"शोध. तिच्याकडेही एक जोड पडून असेल." मग ती विचारते, "तीन मिनिटं झाली. वाढवून हवीत?"

"हवीत," मी म्हणतो.

त्यानंतर आमच्याजवळ बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही. तिकडे कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते, इकडे फाटकापाशी कुत्रं भुंकतं. मी फोन कानाशी धरून बसून राहतो. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत असतो, आणि ती लाईन तोडत नाही.